प्रार्थनेतला उघडा डोळा

देवावर विश्वास ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, माणसांवर विश्वास ठेवणारीही थोडीफार पाहिली. पण देव सोडून त्रिभुवनात दुसऱ्या कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. भिलाईचा कारखाना तेव्हा बांधून व्हायचा होता. सकाळी ड्यूटीवर जाताना जिथे बाभळ दिसायची तिथे संध्याकाळी परतताना लोखंडी खांब दिसायचा. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आलेली, रशियन इंजिनियर आलेले. कोण कुठला, कुणाला ठाऊक नाही. अशा ठिकाणी प्रत्येकाने थोडा संशय जवळ बाळगावाच लागतो. पण आमच्या या शेजाऱ्यांकडे साऱ्या भिलाईला पुरून उरेल आणि उरलेला दुर्गला पाठवता येईल, इतका साठा होता. वयाने ते माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, अमरावतीकडचे मराठी ख्रिस्ती, उंच, वाळलेले, मान जराशी एका बाजूला कललेली, जणू कुठूनतरी खुळखुळाट ऐकू येतोय आणि तो कशाचा हे त्यांना शोधायचं आहे. सगळी कॉलनी त्यांना हातोडीवाले काका म्हणायची.

हातोडी ही त्यांची रोजीरोटी होती. कारखान्याच्या तुळया आणि खांब तेव्हा रिव्हेटांनी जोडत. लालभडक तापवलेला जाड खिळा भोकात घालायचा, पलीकडून ठोकून त्याला दुसरं डोकं काढायचं. थंड झाला की तो आवळून बसतो. बसला की नाही, हे बघायचं काम काकांचं. खिळ्याच्या डोक्याला एका बाजूने बोट टेकवायचं, दुसऱ्या बाजूने लहानशा हातोडीने टक् करायचं आणि ऐकायचं. घट्ट असेल तर तो खणखणीत बोलतो, ढिला असेल तर बोटाखाली शहारतो. ढिल्याभोवती खडूने गोल काढायचा, म्हणजे हा कापून काढा आणि नवा घाला. जमिनीपासून पाच ताडांवर, वाऱ्यात, एका फळीवर उभं राहून आठ तास हे काम केलेला माणूस घरी येऊन एकदम भाबडा कसा होणार? हातोडी खिशातच राहायची आणि खडू कानावर.

बाजारात माठ घ्यायचा तर बोटाने वाजवून सगळेच बघतात. काका हातोडीने वाजवायचे. एका कुंभारणीने त्यांना पाच माठ वाजवू दिले, सहावा फुटल्यावर तिने जी भाषा वापरली ती ऐकून काका मला म्हणाले, “पाह्यलं भाऊ? कच्चा होता, म्हनून ते चिडून राहिली.” दूधवाला गवळी आला की ते त्याच्या चरवीला तीन ठिकाणी टकटक करून दूध कुठवर आणि पाणी कुठवर याचा अंदाज घ्यायचे. शेवटी तो बिचारा छत्तीसगडी माणूस हात जोडून म्हणाला, “बबा, गाय ला घलो ठोक के देखबे का?” काकांनी गायीला ठोकून बघण्याच्या या सूचनेवर खरोखरच थोडा वेळ विचार केला. आणि एका दिवाळीला आमच्या हिने मोठ्या प्रेमाने रव्याचे लाडू नेऊन दिले, तेव्हा त्यांनी तिच्या देखत एक लाडू उचलला, त्याला बोट टेकवलं, टक् केलं, कान लावला आणि प्रसन्न होऊन म्हणाले, “घट्ट हाये. पास!” त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती. पण लाडू वाजत नसतो, आणि वाजला तर ती स्तुती नसते, असं आमच्या हिचं मत असल्यामुळे पुढचे आठ दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद होतं.

काकू मात्र कापसासारख्या मऊ. त्या हसत हसत सांगायच्या, “लग्नात पाळकानं याईले इचारलं, हिले बायको म्हनून पत्करता का? त हे म्हनतात, आधी हिच्या बापाले दोन गोष्टी इचारायच्या हायेत! सारी मंडळी उभी, बाजा थांबला, अन् हे माह्या बापाले कोपऱ्यात घेऊन गेले.” काय विचारलं, ते काकूंना तीस वर्षांत कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं की काका म्हणत, “तुले कावून पाह्यजे?”

या माणसाचा देवावर मात्र संपूर्ण भरवसा होता. तेव्हा भिलाईत ख्रिस्ती मंडळीला पक्कं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. मजुरांच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या एका शेडमध्ये दर रविवारी सकाळी उपासना व्हायची. काका एकही रविवार चुकवत नसत. फक्त एक खोड होती. प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे, काका एकच मिटायचे. उजवा डोळा देवाकडे आणि डावा दाराकडे. पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, जबलपूरचे, गोल चेहऱ्याचे, शांत गृहस्थ. त्यांनी एकदा हिंदीत विचारलं, “भाई, आप एक आँख खुली क्यों रखते हैं? परमेश्वर पर भरोसा नहीं?”

“परमेश्वर पर पूरा है,” काका म्हणाले. “चप्पलें बाहर रखी हैं साहेब. उनपर नजर रखनी पड़ती.”

याच शेडमध्ये एके रविवारी पाळकसाहेबांनी भिंतीवर एक फोटो लावला. टांगानिकामध्ये, म्हणजे पार आफ्रिकेत, यांच्या पंथाचा एक दवाखाना होता. तिथे तीन महिन्यांसाठी हिंदुस्थानातून सहा माणसांची तुकडी जाणार होती. उपासना घ्यायची, गाणी शिकवायची, दोन नव्या खोल्या बांधायला हात लावायचा आणि परत यायचं. त्यातली दोन माणसं भिलाईच्या मंडळीने द्यायची होती. फोटो त्या दवाखान्याचा होता: बैठी इमारत, एक झाड, आणि बाजूला चार लोखंडी पायांवर उभी केलेली पाण्याची टाकी. टाकीच्या सावलीत एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. सगळ्या मंडळीने तो फोटो पाहिला आणि सगळ्यांना दवाखाना दिसला. काकांना टाकी दिसली.

त्याच दिवशी दुपारी ते माझ्या दारात उभे. मी ड्रॉइंग ऑफिसात कारकून, आणि नकाशे बघायचं एक भिंग माझ्याकडे असतं हे त्यांना माहीत होतं. “भाऊ, तुमचं ते काच द्या जरा.” एरवी हा माणूस कुणाकडे काही मागत नसे, मागितलेल्या वस्तूत काही खोट असली तर ती आपल्या माथी यायची, ही भीती. म्हणून मीच भिंग घेऊन त्यांच्यासोबत गेलो. पाळकसाहेबांनी शेड उघडून दिलं आणि आम्ही दोघं भिंतीला नाक लावून उभे राहिलो. काकांनी फोटोवरून भिंग हळूहळू फिरवलं. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. “या पायाची तिरपी पट्टी पाहा. खालून सुटली हाये. लोंबून राहिली.”

मला एक काळी रेघ दिसली. ती पट्टी असेल, दोरी असेल, फोटोला पडलेली सुरकुती असेल.

“काका, टाकी तिकडे समुद्रापार, तुमी इकडे. कशाले जिवाले घोर लावून घेता?”

“ते बाई तिथं कावून बसली?” काका म्हणाले.

“सावली हाये म्हनून बसली असेल.”

“तिले कोनी सांगतलं नाई?” हा प्रश्न त्यांनी मला नाही, फोटोला विचारला. मग ते पाळकसाहेबांकडे वळले आणि म्हणाले, आपलं नाव लिहून घ्या.

ही बातमी कॉलनीत पसरली आणि आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसावर सगळ्यांनी मिळून संशय घ्यायला सुरुवात केली. तो सोहळा मी डोळे भरून पाहिला. नळावर एक मत असं पडलं की यांना रशियनांनी कशासाठी तरी पेरलंय. पानठेल्यावरचं मत बरोबर उलट होतं: रशियनांच्या विरुद्ध कुणीतरी पेरलंय. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाबूंचा सिद्धान्त असा की आफ्रिकेत हिरे जमिनीवर पडलेले असतात आणि ठोकून बघणारा माणूस त्यासाठी उपयोगी पडतो. आमची ही खालच्या आवाजात म्हणाली, “मले तं वाटते, तिकडे दुसरं घर असेल याईचं.” लाडवाचा राग अजून गेलेला नव्हता. रजा मंजूर करणाऱ्या साहेबांनी अर्ज तीनदा वाचला आणि विचारलं, “आफ्रिकेत तुमचं काय काम?”

“टाकी पाहतो.”

“कोणाची टाकी?”

“देवाच्या दवाखान्याची.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि शेजारीपाजारी चौकशी करायला एक माणूस धाडला. पासपोर्टासाठी पोलिसांचा शिपाईही येऊन गेला. दोघांनीही मला तोच प्रश्न विचारला: हा माणूस भरवशाचा आहे का? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, “अहो, भरवशाचा म्हणजे किती! त्यांच्याइतका अविश्वासू माणूस शोधून सापडायचा नाही.” शिपायाने हे वाक्य लिहून घेतलं, खोडलं, आणि पुन्हा लिहिलं. काकूंनी मला नंतर सांगितलं की काका त्या वेळी आतल्या खिडकीला कान लावून होते, मी काय बोलतो ते ऐकायला.

तयारी सुरू झाली. आफ्रिकेत जायला पीतज्वराची सुई टोचून घ्यावी लागायची आणि तिच्यासाठी नागपूरला जावं लागलं. सोबतीला मी. काकांनी डॉक्टरांकडून बाटली मागून घेतली, वरचा कागद वाचला, बाटली उलटी केली, सुलटी केली आणि तिला नखाने टिचकी मारून कान लावला. डॉक्टर म्हणाले, “काही ऐकू येतंय का?” काका म्हणाले, “तुमी सोता घेतली का हे सुई?” डॉक्टर म्हणाले, “मला आफ्रिकेत जायचं नाही.” काका माझ्याकडे वळून कुजबुजले, “पाह्यलं? हे नाई जात.” टोचून झाल्यावर त्यांनी खडूने दंडावर सुईच्या जागेभोवती गोल काढला आणि येताना गाडीत वाटभर तो गोल मोठा होतोय का हे बघत बसले.

मच्छरदाणी आणली तेव्हा ती त्यांनी अंगणात दोरीवर उन्हात टांगली आणि तिची भोकं तपासली. म्हणजे जाळीची भोकं! दोन रविवार गेले. जिथे भोक वाजवीपेक्षा मोठं वाटलं तिथे खडूचा गोल. शेवटी मच्छरदाणीपेक्षा खडू जास्त झाला आणि काकूंनी ती धुऊन टाकली. ट्रंक घेताना दुकानदाराने त्यांना ओळखून आधीच हातोडी पुढे केली.

मग भाषा. पाळकसाहेबांनी जाणाऱ्या लोकांना तिकडच्या स्वाहिली भाषेतल्या ओळींचं एक पातळ पुस्तक आणून दिलं. कसे आहात, देव तुमच्यावर प्रेम करतो, आम्ही हिंदुस्थानातून आलो, अशी पन्नासेक वाक्यं, देवनागरीत लिहिलेली. भिलाईतून जाणारी दुसरी व्यक्ती म्हणजे दवाखान्यातली एक मल्याळी नर्स. तिने आठवड्यात सगळं पाठ केलं. काकांनी पुस्तक चाळलं आणि पाळकसाहेबांना म्हणाले, यात कामाचं वाक्यच नाही. पाळकसाहेबांनी पत्र घातलं, तिकडून उत्तर आलं, आणि काकांना त्यांचं एक वाक्य मिळालं: ‘उसिकाए हापा.’ इथे बसू नको. तेवढंच त्यांनी पाठ केलं. सकाळी दात घासताना भिंतीपलीकडून ऐकू यायचं, उसिकाए हापा. ड्यूटीवर जाताना सायकलच्या पायडलावर, उसिकाए हापा. आमचं मांजर ओट्यावर चढलं की आमची हीसुद्धा नकळत त्याला स्वाहिलीत हाकलायला लागली.

एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी दोघांची उजळणी घेतली. नर्सबाई गोड आवाजात म्हणाल्या, “मुंगू अनाकुपेंडा.” देव तुझ्यावर प्रेम करतो. सगळ्यांना भरून आलं. मग काका उठले, सरळ पाळकसाहेबांवर बोट रोखलं आणि छपराचे पत्रे हादरतील अशा आवाजात ओरडले, “उसिकाए हापा!” पाळकसाहेब खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

तिथे त्यांचा धीर संपला असावा. त्या संध्याकाळी ते काकांच्या घरी आले. भिंत पातळ होती आणि माझे कान तेव्हा चांगले होते, त्यामुळे मी तिथे नव्हतो असं म्हणता येणार नाही. पाळकसाहेब फार हळुवारपणे म्हणाले, “भाई, बुरा मत मानिए. वहाँ छह लोग एक घर में रहेंगे, एक हाँडी का खाएँगे, अनजान लोगों के भरोसे रहेंगे. जो आदमी पाँच मिनट दोनों आँखें बंद नहीं कर सकता, उसे मैं समुंदर पार कैसे भेजूँ?” पुढच्या रविवारी पाठवण्याची प्रार्थना होती. त्या प्रार्थनेत काकांनी पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत दोन्ही डोळे मिटायचे. मिटले तर जायचं. नाही तर त्यांच्या जागी दुसरा जाईल. तोही भला माणूस होता, पेटी फार सुरेख वाजवायचा.

“अन् टाकी?” काकांनी विचारलं.

पाळकसाहेब म्हणाले, टाकीचं देव बघेल.

भिंतीपलीकडून फक्त हातोडीचा आवाज आला, टक्, टक्, टक्. ते बहुधा खाट तपासत होते.

शनिवारी ते माझ्याकडे आले आणि दारातच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अवघडलेलं पाहिलं. “भाऊ, उद्या सकाळी मोकळे हा का? जरा चपलाईपाशी बसाल का? तुमी बाहेर असले तं मी आत डोळे मिटतो.” मी त्यांच्या पंथाचा नाही, धर्माचाही नाही, साऱ्या भिलाईतून त्यांनी मला निवडलं होतं. मी म्हणालो, “काका, एक चप्पल हलनार नाई.” हे मी इतक्या थाटात म्हणालो की मला स्वतःलाच ते खरं वाटलं.

रविवारी मी शेडच्या पायरीवर बसलो. समोर साठ-सत्तर चपलांचे जोड, आणि कडेला, भिंतीला समांतर, काकांच्या वहाणा. खास अमरावतीहून आणलेल्या, जाड तळव्याच्या. गाणी झाली, वचन झालं, आणि पाळकसाहेबांनी प्रार्थनेला सुरुवात केली. दहा-पंधरा श्वास मी प्रामाणिकपणे बसलो. मग माझ्या मनात आलं: मिटले असतील का? आता तुम्हीच सांगा, असा प्रसंग आयुष्यात कितीदा येतो? मी नुसता उठलो आणि खिडकीच्या गजाला डोळा लावला. आत जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सगळी मंडळी हात जोडून, मान खाली घालून उभी होती, आणि प्रत्येकाचा एक डोळा उघडा होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांचा, पोरांचा, नर्सबाईंचा, काकूंचा, आणि खुद्द पाळकसाहेबांचाही. सगळे काकांकडे बघत होते. त्या शेडमध्ये दोन्ही डोळे गच्च मिटलेला माणूस एकच होता. मान नेहमीसारखी कललेली, कपाळावर घाम, ओठ आवळलेले. ढिला रिव्हेट ऐकताना त्यांचा चेहरा कसा होत असेल, ते मला तेव्हा कळलं.

प्रार्थना चालली होती आणि माझ्या पाठीमागे काहीतरी सरपटलं. मी वळून पाहिलं. एक पिवळं कुत्रं काकांची डाव्या पायाची वहाण तोंडात धरून रस्ता ओलांडत होतं. मला ओरडता येईना, आत प्रार्थना. मी धावलो. कुत्रंही धावलं. बांधकामाच्या विटांच्या ढिगाऱ्यापाशी मी एक खडा मारला, तो एका हातगाडीला लागला, आणि कुत्रं वहाणेसकट पाइपांच्या राशीत जे शिरलं ते शिरलंच. मी परत आलो तेव्हा आतून आमेनचा गजर होत होता.

लोक बाहेर आले. पाळकसाहेबांनी काकांचे दोन्ही हात धरले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. काका चपलांपाशी आले. एक वहाण होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या पायांखालची पायरी मला गिळेल तर बरं, असं झालं. आयुष्यात एकदाच या माणसाने एका माणसावर विसंबून डोळे मिटले होते, आणि तो माणूस मी निघालो होतो.

“गेली?”

“गेली काका.”

“पिवळं कुत्रं होतं का?”

“तुमाले कसं समजलं?”

“पिवळंच यायचं दर रविवारी इकडे. सरपटलं, तवा ऐकू आलं मले. अन् मंग तुमी धावले, तेही ऐकू आलं. डावी नेली नं? डावीचा खिळा वाजते.”

“मंग डोळे कावून नाई उघडले?”

काकांनी उरलेली वहाण उचलून काखेत मारली. “ते बाई बसली हाये नं तिथं,” असं म्हणून ते तापलेल्या मुरमावरून अनवाणी चालायला लागले. मीही माझे बूट काढून हातात घेतले आणि त्यांच्या बाजूने चालत गेलो. दुसरं काय करणार? काकू आमच्या मागून येत होत्या आणि एकदा हसत होत्या, एकदा डोळे पुसत होत्या.

दुर्ग स्टेशनावर त्यांना पोचवायला निम्मी कॉलनी आली; काही प्रेमाने, काही ते खरंच आफ्रिकेला जाताहेत का हे बघायला. काकांनी डब्याची पायरी वाजवून पाहिली. मग घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एकाएकी माझ्या छातीला एका बाजूने बोट टेकवून दुसऱ्या बाजूने हाताच्या पेराने टक् केलं. मान कलवून ऐकलं. मी विचारलं, “पास का नापास?” गाडी हलली. “आल्यावर सांगतो,” काका म्हणाले.

तीन महिन्यांनी ते आले, आणखी वाळलेले आणि काळवंडलेले. दवाखान्यातली हकिकत नर्सबाईंकडून कळली, कारण काका स्वतः सांगणारे नव्हेत. फोटोत काकांना दिसलेली सुटलेली पट्टी म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी होती. ते ऐकून सगळे मनमुराद हसले. पण काका पोचल्या दिवशीच हातोडी घेऊन टाकीवर चढले होते, आणि दोरीच्या बरोबर समोरच्या पायाचे खालचे रिव्हेट त्यांच्या बोटाखाली शहारले. तीन तर नुसत्या हाताने फिरवता येत होते. नव्या खोल्यांचं काम बाजूला ठेवून आधी टाकी रिकामी करावी लागली आणि पाय नव्याने बांधावा लागला. तोवर रोज सकाळपासून काका टाकीपाशी उभे असत आणि जो सावलीला येईल त्याला सांगत, उसिकाए हापा. गावात त्यांना त्याच नावाने हाक मारायला लागले. निघायच्या दिवशी प्रार्थनेला म्हणे सगळ्यांत आधी त्यांचेच डोळे मिटले. तिथे कुणी चपला घालतच नव्हतं, असं नर्सबाई म्हणाल्या.

“अन् ते बाई?” मी काकांना विचारलं.

“नाई भेटली. फोटो जुना होता. कोनाले मालूम नाई, कोन होती, कुठची.” तो फोटो पाळकसाहेबांनी त्यांना देऊन टाकला होता. त्यांनी तो बायबलात ठेवला होता, आणि बाईभोवती पेन्सिलीने एक बारीक गोल होता.

पुढे कारखाना उभा राहिला, रिव्हेट जाऊन सगळीकडे वेल्डिंग आलं, आणि काका रिटायर होऊन अमरावतीला निघाले. सामान ट्रकवर चढलं, काकू आमच्या हिला मिठी मारून रडल्या, आणि मला आठवलं. “काका, ते राहूनच गेलं. दुर्ग स्टेशनावरचं. पास का नापास?”

त्यांनी पुन्हा बोट टेकवलं, पेराने टक् केलं, डोळे मिटून ऐकलं. दोन्ही डोळे.

“ढिला हाये जरासा,” ते म्हणाले. “पन कापायचा नाई.”

त्यांच्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब आहे. भिंतीपलीकडून रेडिओचा आवाज येतो, टकटक येत नाही. परवा बाजारातून येताना सेक्टरच्या पाण्याच्या टाकीखाली एक भाजीवाली टोपली मांडून बसलेली दिसली. टाकी चांगली भक्कम आहे, तिच्या नकाशावर माझ्याच ऑफिसचा शिक्का आहे. तरी माझे पाय थांबले. मी वर पाहिलं, एका पायाला बोट टेकवलं, दुसऱ्या हाताच्या पेराने टक् केलं. मला काहीच ऐकू आलं नाही. तो कान माझ्याकडे नाही. मी म्हणालो, “बाई, इथं नका बसू.”

“काबर?” तिने कारण विचारलं.

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत संशयाने न्याहाळलं, टोपलीतली वांगी माझ्यापासून जरा दूर सरकवली, आणि मग पुटपुटत, माझ्यावरचा डोळा न काढता, उठून समोरच्या कडुनिंबाच्या सावलीत जाऊन बसली. मला फार बरं वाटलं.